पाटातल्या बांगड्या

सकाळी सकाळी नव्या नवरीच्या दारात उभं राहून "फुटक्या बांगड्या आहेत का?" असं विचारणाऱ्या माणसाला उमरोळीने गावाबाहेर काढलं नाही, याचं सगळं श्रेय माझ्या सासूबाईंना आहे. खुद्द त्या माणसाला आपण काही वावगं बोललो हे शेवटपर्यंत कळलं नाही. उलट ते घरी येऊन मला विचारायला लागले, "वहिनी, समोरच्या घरात कुणाची तब्येत बरी नाही का? सूनबाई एकदम किंचाळल्या."

ते म्हणजे आमचे सर. पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि आमच्या पडवीशेजारच्या खोलीत भाड्याने राहायचे. मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं आणि सर आधीपासूनच तिथे होते. त्या हिशेबाने या घरात ते मला सीनियर, आणि वागतही तसेच. मीठ कुठल्या बरणीत आहे हे मला पहिल्या दिवशी सासूबाईंनी नव्हे, सरांनी सांगितलं.

बारीक अंगकाठी, जाड भिंगाचा चष्मा आणि तोंडात एकच शब्द: "कशावरून?" पाणी तापलंय म्हटलं की कशावरून. शटल आज लेट आहे म्हटलं की कशावरून. भांडायचा सूर नसायचा हो त्यात, खरंच जाणून घ्यायचं असायचं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "सर, तुमच्यासाठी भात नाय लावला. आज एकादशी हाय." सर म्हणाले, "कशावरून?" सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्या हातात दिलं. सरांनी चष्मा वर करून ते नीट वाचलं, मान डोलावली, आणि मग आमच्या घरात एकादशी लागली.

त्यांच्या शर्टाचे दोन्ही खांदे कायम चुन्याने पांढरे असायचे. जाताना डावा, येताना उजवा. रस्ता कितीही मोकळा असो, सर भिंतीला घासून चालायचे. सुरुवातीला मला वाटलं, लाजाळू असतील. पुढे त्यांनीच समजावलं. वाहत्या पाण्यात मधला प्रवाह जोरात असतो. तळाशी आणि दगडांच्या कडेला पाणी मंद असतं. म्हणून ओढ्यातले बारीक जीव तळाला धरून राहतात. "ही त्यांची अक्कल आहे, वहिनी. आपण का घेऊ नये?"

हेच त्यांनी कॉलेजातल्या मुलांना जिन्यावर शिकवलं. सुट्टीची घंटा झाली, सगळं कॉलेज खाली उतरायला लागलं, की यांच्या वर्गाने खालून वर जायचं. निम्म्यांनी मधून, निम्म्यांनी भिंतीला चिकटून. भिंतीकडचे वर पोचले. मधले वाहून खाली आले. वाहून आलेल्यांत प्राचार्यही होते, आणि ते प्रयोगात नव्हते. आमच्या गावातली कॉलेजात जाणारी मुलं हे सांगताना हसून लोळायची, पण मी एक बघितलं, तो धडा त्यांतलं एकही पोर विसरलं नाही.

आता बांगड्यांकडे येते. त्याआधी सरांच्या मनात अडकलेला काटा सांगायला हवा, नाहीतर तुम्हीही गावासारखं म्हणाल की माणूस वेडा होता.

पूर्वेला डोंगराकडून येणारे ओढे आहेत. त्यांच्या तळाशी एक अळी राहते. नखाएवढीसुद्धा नाही. वाळूचे कण आपल्या लाळेने चिकटवून ती स्वतःभोवती एक नळीसारखं घर बांधते आणि ते घर ओढत फिरते. मोठी झाली की पंख फुटून उडून जाते. सरांचा प्रश्न असा की पाणी तर रात्रंदिवस खाली वाहतंय. पाय सुटला की अळी थोडी खाली जाणारच. आज थोडी, उद्या थोडी. मग वरचा ओढा कधीच रिकामा कसा होत नाही? सरांचं म्हणणं, या अळ्या पाण्याच्या विरुद्ध चालत परत वर जातात. त्यांच्या मुंबईच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, चालतबिलत काही नाहीत, पंख फुटल्यावर वर उडून जातात आणि तिथे अंडी घालतात, विषय संपला. पीएचडीचं घोडं इतकी वर्षं तिथेच अडलं होतं. शेवटी मार्गदर्शकांनी निर्वाणीचं सांगितलं: या हिवाळ्यात दाखवा, नाहीतर दुसरा विषय घ्या.

"घ्या ना मग दुसरा," मी म्हणाले. "जगात किडे काय थोडे आहेत?"

सर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना दुसरी आई घ्या म्हणाले होते.

दाखवायचं म्हणजे कसं, हीच तर पंचाईत होती. वाळूच्या रंगाची अळी, वाळूत, वाहत्या पाण्यात. सर रविवारी ओढ्यात जाऊन बसायचे. पालथ्या घमेल्यावर बैठक, पाठीला बांधलेली छत्री, आणि हातात तुपाचा डबा, ज्याचा तळ कापून काच बसवलेली. डबा पाण्यात टेकवायचा आणि वरून डोळा लावायचा. तासन्‌तास. जाणारे-येणारे विचारायचे, "काय सर, गावलं काय?" सर म्हणायचे, "एक गावली होती, पण ती तीच होती की दुसरी, हे नाही सांगता येत." लोक मान हलवून पुढे जायचे. एकदा एका म्हशीने पूर्ण दोन आठवड्यांच्या निरीक्षणावर बसकण मारली. त्या दिवशी सर जेवले नाहीत.

आणि मग एके दिवशी माझी बांगडी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर आपटून वाढली. मी तुकडे गोळा करायला वाकले, तर सर माझ्याआधी खाली बसलेले. एक लाल तुकडा उजेडाकडे धरून ते म्हणाले, "वहिनी, हा चुरा वाळूइतका बारीक होईल?"

कल्पना अशी की अळीला तिच्या घरातून हळूच बाहेर काढायची, वाळू द्यायचीच नाही, नुसता बांगड्यांचा चुरा द्यायचा. घर तर तिला बांधायलाच हवं. मग लाल काचेचं बांधेल. लाल घर पाण्यात कुठूनही दिसेल.

कल्पना सोन्यासारखी होती. फक्त ती घेऊन सरांनी उठून गावभर जायला नको होतं. ते गेले ते थेट समोरच्या घरी, अण्णांच्या दारात. दार उघडलं सुमनने, अण्णांच्या सुनेने. तिच्या लग्नाचा हिरवा चुडा अजून हातात होता. आपल्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणतं का? सवाष्णीच्या बाबतीत तर तो शब्दच तोंडातून काढत नाहीत. आणि इथे एक परका ब्रह्मचारी पहाटेच्या पारी दारात उभा राहून फुटक्या बांगड्या मागतो. सुमन किंचाळली, तिच्या सासूने, म्हणजे काकींनी, मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि दुपारपर्यंत गावात पसरलं की दादांच्या भाडेकरूने करणी केली.

दादा म्हणजे माझे सासरे. ते डोक्याला हात लावून बसले. सासूबाईंनी सरांना समोर घेतलं. "सर, फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं."

"कशावरून?" सर म्हणाले. "काच तर वाढत नाही."

सासूबाईंनी पुढे त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी पदर खोचला आणि घरोघर जाऊन सांगितलं की सरांच्या आईचा नवस आहे, लेकाची परीक्षा पास होऊ दे, सवाष्णींच्या वाढलेल्या बांगड्या वाहत्या पाण्यात सोडीन. यातला एक शब्दही धड खोटा नव्हता, असं त्या पुढे आयुष्यभर म्हणायच्या. संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर बांगड्यांच्या तुकड्यांच्या पुड्या यायला लागल्या. पुढे कित्येक दिवस बायका सरांना अडवून विचारायच्या, "फेडलात काय नवस?" आणि सर गंभीरपणे सांगायचे, "अजून नाही. अळ्या हात लावत नाहीत." बायका हात जोडायच्या.

आणि कुंपणाच्या फटीतून, कुणाचं लक्ष नाही बघून, सुमननेही मला एक पुडी दिली. हिरवी. "घरात नको सांगू हं," ती म्हणाली. मी कशाला सांगते?

अळ्यांनी हात लावला. सरांनी चुरा खलबत्त्यात कुटला, गाळला, धुतला, टोकं बोथट केली, आणि ताटल्यांमधून एकेक रंग ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. डब्याच्या काचेतून मी बघितलं, आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. माझ्या हातातली डाळिंबी बांगडी पाण्याखाली चालत होती.

मध्येच त्यांच्या लग्नाचं सांगून टाकते, कारण तेही बांगड्यांपायीच फिसकटलं. पालघरचं स्थळ होतं, मुलगी शिकलेली, शांत. दादा आणि मी बरोबर गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली. सरांनी मान वर केली आणि त्यांची नजर तिच्या हातांवर खिळली ती हलेना. "जरा हात पुढे करता का?" ते म्हणाले. आम्हा सगळ्यांना धन्य वाटलं. तिने लाजत हात पुढे केला. सर बांगडीतून उजेड बघत म्हणाले, "हा जांभळा कुठे मिळाला हो? आमच्या कासाराकडे नाही." मुलीची आई साखर आणायला आत पळाली. इकडे सर विचारत होते, "यातली एखादी..." तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला. पण मुलगी हुशार निघाली. तिने निरोप पाठवला, माणूस चांगला आहे, मला नकार द्यायचं कारण नाही. पण त्यांना बांगड्या हव्यात, मी नको.

सरांना वाईट वाटलं. बांगडीचं की मुलीचं, ते मी विचारलं नाही.

तर रंगीत घरांच्या अळ्या तयार झाल्या. आता त्यांना सोडायचं कुठे? ओढ्यात म्हशी, धुणी, मासे पकडणारे. सरांची नजर गेली आमच्या पाटाकडे. विहिरीतून मोटरने पाणी हौदात पडतं आणि हौदाच्या तोंडातून पाटात उतरतं. पाटाचा पहिला तुकडा सिमेंटचा, सरळ, सावलीतला. पुढे त्याला दोन फाटे फुटतात. उजवा आमच्या केळींना आणि पानवेलींना, डावा अण्णांच्या. सरांनी ओढ्यातले दगड आणून त्या सरळ तुकड्यात मांडले, आणि तो हुबेहूब लहानसा ओढा झाला. वर हौद भरलेला असला की वीज गेली तरी धार तुटत नाही. याहून चांगली जागा सरांना मुंबईच्या प्रयोगशाळेतही मिळाली नसती.

फक्त एकच अडचण होती. विहीर सामाईक, मोटर सामाईक, हौद सामाईक, पाटाचा तो तुकडाही सामाईक. आणि दादा आणि अण्णा एकमेकांशी बोलत नव्हते.

दोघे सख्खे चुलत भाऊ. अण्णांच्या मुलीच्या लग्नात आमच्या घरी अक्षता गड्याच्या हातून आल्या, अण्णा स्वतः आले नाहीत. दादा लग्नाला गेले नाहीत. बस, एवढंच. माझ्या लग्नाच्याही आधीची गोष्ट. पण पाण्याची पाळी दोघांची एका दिवसाआड असायची, आणि ती एका शब्दाशिवाय चालायची. ज्याची पाळी संपली त्याने हौदाच्या तोंडात केळीच्या गाभ्याचं बूच ठोकायचं आणि फावडं काठावर आडवं ठेवायचं. दुसऱ्याने सकाळी ते उचलायचं. फावडंसुद्धा सामाईकच होतं. त्या फावड्याएवढं बोलायची परवानगी या दोन घरांत दुसऱ्या कुणाला नव्हती.

सरांना धार रात्रंदिवस हवी होती, पाळी कुणाचीही असो. थोडी का होईना, पण अखंड. बूच बसलं की पाट कोरडा, आणि पाट कोरडा की अळ्या मेल्या.

दादा म्हणाले, "आमच्या पाळीत चालू ठेवा. त्याच्या पाळीचं मी कसं सांगू? आमचं बोलणं नाय."

"मग बोला," सर म्हणाले.

दादा उठून केळींकडे निघून गेले.

सर तेव्हाच अण्णांकडे गेले असते तर कदाचित काम झालंही असतं. पण जायच्या आधी त्यांनी दादांच्या पाळीत पाटात अळ्या सोडल्या आणि वर एक उद्योग करून ठेवला. अळ्या किती सरकल्या हे कळावं म्हणून पाटाच्या काठावर हाताहाताच्या अंतराने पांढऱ्या रंगाचे पट्टे मारले आणि त्यांवर आकडे टाकले. अण्णा सकाळी फावडं उचलायला आले तर सामाईक पाट मोजून ठेवलेला. दुसरं काय वाटणार? दादांनी गुपचूप मोजणी करून घेतली, आता पाट आपल्या नावावर करून घेणार. अण्णांनी आपली पाळी उरकून बूच असं ठोकलं की ते काढायला पुढे पहार लागली. वर सर निरोप सांगायला गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "सर, तुमी शिकलेली मानसं, तुमी असल्या कामात पडू नये. कोर्टात भेटू."

"मी रविवारी मोकळा आहे," सर म्हणाले.

ते परत आले तेव्हा पाट आटत चालला होता. मी आणि सर, दोघांनी मिळून ओल्या सिमेंटवरून अळ्या वेचल्या. बऱ्याच वाचल्या, पण काही गेल्या. सर खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मी चहा नेला तर नेहमीचा प्रश्नसुद्धा विचारला नाही. म्हणाले, "वहिनी, होळीनंतर ओढा आटतो. नवीन अळ्या मिळायच्या नाहीत. या एवढ्याच आता." मला इतका राग आला अण्णांचा, दादांचा, त्या मेल्या अक्षतांचा! चालती-बोलती माणसं असून दोन शब्दांनी अडलेली, आणि त्यात हा एक माणूस उगाच भरडला जाणारा.

मी कुंपणाशी जाऊन सुमनला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या मनात वेगळंच काही चाललेलं. शेवटी हळूच म्हणाली, "वैनी, माझ्या हिरव्या त्याच्यात हायत?" "आहेत की." "जिवंत हायत?" मी म्हटलं, आहेत. तिने दुसऱ्या दिवशी जेवताना आपल्या सासऱ्यांना सांगून टाकलं की त्या पाटात आपल्याही घरच्या बांगड्या आहेत.

अण्णा आले. सरांनी अळ्या पुन्हा सोडल्या होत्या, दादांच्या पाळीत. अण्णा काठावर उकिडवे बसले, सरांच्या डब्यातून बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

"हिरव्या आमच्या?"

"हो," सर म्हणाले.

"आन् ही म्होरं हाय ती लाल?"

"ती वहिनींच्या बांगडीची."

"म्हंजे दादाकडची." अण्णा उठले. हौदापाशी गेले, काठावर ठेवलेलं बूच उचललं आणि लांब केळीत भिरकावलं. "पाणी बंद नाय करायचं," ते म्हणाले. "आमची काय मागं राहणारी नाय."

त्या दिवसापासून पाट अखंड वाहिला. ज्या दोन घरांना शहाणपणाने एकत्र आणता आलं नसतं, त्यांना चढाओढीने कामाला लावलं. दादांच्या पाळीत दादा हौद भरलेला आहे ना बघायचे, अण्णांच्या पाळीत अण्णा. एकमेकांकडे पाठ करून. वाडीतल्या बायका संध्याकाळी डबा हातोहात फिरवायच्या. "लाल वर गेली गो!" "कुठली वर? दगडामागे झोपलीय!" माझे यजमान बोईसरहून ड्यूटी संपवून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "कोण पुढे?" सासूबाईंनी लाल अळीला साखर घालायची का, असं विचारलं, तेव्हा सरांनी पाटापासून सगळ्यांना दोन पावलं मागे हटवलं.

सर वैतागून गेले होते. "ही शर्यत नाही," ते प्रत्येकाला सांगायचे. "त्या वर जातात की नाही, एवढाच प्रश्न आहे. कोण पहिला येतो हा प्रश्नच नाही." सगळे मान डोलवायचे आणि विचारायचे, "पण सर, पहिली कोण हाय?"

आणि एका सकाळी सर पाटाशी ताठ उभे दिसले. चेहरा पांढराफटक. एक लाल आणि एक हिरवी, दोघी सगळ्यांच्या पुढे, वरच्या मोठ्या दगडाच्याही पलीकडे. मी आनंदाने ओरडणारच होते.

"वहिनी," सर म्हणाले, "वर चालणाऱ्या अळीचं तोंड वर असतं. या दोघींची तोंडं खाली आहेत. यांना कुणीतरी उचलून ठेवलंय."

मग त्यांनी आवाज चढवला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला पहिल्यांदा ऐकला. दोन्ही घरांतली माणसं पाटाभोवती जमली. दादा एका काठाला, अण्णा दुसऱ्या. सर म्हणाले, "कुणी हात लावला ते मला कळायला हवं. राग नाही. पण दोन उचलल्या की दहा, हे मला कळलं नाही, तर हे सगळं फुकट आहे. मी मुंबईला काय सांगू? चालत गेल्या म्हणून? मला ते कळतच नाही आता!" त्यांनी हौदाकडे बोट केलं. "खरं सांगणार नसाल तर पाणी बंद करा. आत्ताच बंद करा."

सुमन पदराचं टोक चावत होती. अण्णा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते, आणि मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, बोल. सर सगळ्यांच्या तोंडाकडे बघून खाली वाकले आणि बूच म्हणून पंचा गुंडाळायला लागले.

"थांबा," कुणीतरी म्हणालं. ते दादा होते. आमचे दादा! "लाल मी सरकवली. पहाटे. मागं पडली होती आमची."

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून अण्णा फुटले.

"तू? तू सरकवलीस? आरं, मी सकाळी येऊन बघतो तं लाल कुठल्याकुठं! म्हणून मी आमची उचलली, नायतर कशाला हात लावीन मी?"

"म्हंजे माझ्यावर ढकल!"

"ढकलतो कशाला? पैल्यांदा कुणी केलं?"

"पैल्यांदा कुणी केलं ते काढू नको हां अण्णा. पैल्यांदा अक्षता कुणी गड्याच्या हातून धाडल्या?"

"ताप होता मला तवा! अंथरुणात होतो! इचारायला आलास तू?"

"मला कुणी सांगितलं ताप होता म्हणून?"

"बोलत नवतास तं सांगणार कसा?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. काकींनीही. दोन म्हातारे एका पाटाच्या दोन काठांवर उभे राहून गळ्याच्या शिरा ताणून भांडत होते, आणि दोन्ही घरांतल्या बायका सणासारख्या रडत होत्या. माझ्याच्याने राहवेना. मी सरांकडे धावले. "सर, बघताय ना? बोलले! दोघं बोलले!"

"हो, ऐकू येतंय," सर म्हणाले. ते पाण्यावर ओणवे झाले होते. "त्यांना एक विचारा, पिवळ्यांना हात लावला का?"

पिवळ्या म्हणजे कासाराकडे न खपलेल्या बांगड्यांच्या. तो रंग कुणी घेत नव्हतं म्हणून त्याने तशाच देऊन टाकलेल्या. मी विचारलं. भांडणात खंड पडला.

"पिवळ्या?" दादा म्हणाले. "त्यांना कशाला?"

"त्या कुणाच्या?" अण्णा म्हणाले, आणि दोघे पुन्हा अक्षतांवर गेले.

सरांनी मग प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. सुमनला, काकींना, सासूबाईंना, मला दोनदा. पिवळ्यांना कुणी बोट लावलं नव्हतं. त्या कुणाच्याच नव्हत्या; त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. सरांनी डबा माझ्या हातात दिला. मी डोळा लावला. दगडांच्या कडेकडेने, मधला जोर चुकवत, एकामागे एक पिवळे ठिपके होते. सोडल्या होत्या त्या पट्ट्याच्या कितीतरी वर. सगळ्यांची तोंडं वर. एक माझ्यासमोर हलली. पाय रोवले, घर ओढलं, थांबली. पाण्याने तिला किंचित मागे रेटलं. तिने पुन्हा पाय रोवले.

"चालत गेल्या," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. "वहिनी, आपल्या पायांनी गेल्या हो."

आणि मग तो भिंतीला चिकटून चालणारा माणूस अण्णा आणि दादांच्या बरोबर मधे, सामाईक पाटात, पाण्याच्या खालच्या बाजूला पँटसकट मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. दोन्ही म्हातारे भांडायचे थांबले. अण्णांनी एका बगलेत हात घातला, दादांनी दुसऱ्या.

"हळू धर," दादा अण्णांना म्हणाले. "खाली बघ, पिवळ्या हायत."